काड्या

एक गोल. त्याखाली उभी रेघ.
दोन हात, दोन पाय.
हिशेबाने सहा खुणा, की झाला माणूस.
मोबाईलवर बोटानेच काढतो,
रात्री साडेदहानंतर, गच्चीवर.
मे महिना आहे, फरशी अजून पाठीला
दुपार सांगत असते.

दिवसा मी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
चादरीची नक्षी ग्राफवर भरतो.
एका मोराला नऊ हजार चौकोन.
डोळ्यातला एक चुकला
तर दोनशे चादरींवर मोर तिरळा बघतो
आणि शेठ माझ्याकडे.

शेठला कुणीतरी फोनवर दाखवला हा उद्योग.
म्हणाले, "म्याकल, पगार मोराचा घ्यायचा
आणि रात्री काड्या करायच्या?"
तोवर नाव सुचत नव्हतं.
तेच ठेवलं.

आईलाही दाखवला. ती विड्या वळत होती.
चष्मा वर करून बघितलं, हसली नाही.
सुपातली एक विडी उचलून माझ्यासमोर धरली:
"हा माझा. ह्याला हातपायसुद्धा लागत नाहीत.
संध्याकाळपर्यंत हजार होतात."

काड्याचं फार काही घडत नाही.
दर गुरुवारी तीन चौकटी.
पहिलीत तो नळाखाली घागर लावतो.
दुसरीत नळ आहे, घागर आहे, तो आहे.
तिसरीत घागरीत डोकं घालून विचारतो, "आलं का?"
आणि घागर म्हणते, "का? का? का?"
एकदा कडक भाकरी गुडघ्यावर मोडायला गेला,
भाकरी शाबूत, गुडघा मोडला.
त्या दिवशी पुण्यात खोली करून राहिलेली आपली पोरं
फार हसली म्हणे.
एकूण एकशे सदतीस जण बघतात.
एवढी माणसं माझ्या लग्नातही
जेवणाआधी थांबली नव्हती.

मग एका गुरुवारी बॅटरी दोन टक्के,
त्यात लाईट गेलेली.
घाईत सोडून दिलं आणि काड्याचा
उजवा हात काढायचा राहिला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी गेटवर राजेशमने अडवलं.
पूर्वी तो मागावर होता.
पट्ट्याने कोपरापासून हात नेला, तेव्हापासून वॉचमन.
डाव्या हातात फोन. "हा मी ना?"
चूक झाली म्हणणार होतो.
जीभ उचलली, परत ठेवली.
"सगळ्या मेव्हण्यांना पाठवला," म्हणाला.
"फोटोत मी हात मागे लपवल्यासारखा दिसतो.
ह्यात नाहीच, तर नाहीच.
पुढच्या वेळी चिकटवू नका परत."

आता पाच खुणांत माणूस.
रेघ कमी झाली, काम वाढलं.
एका हाताने घागर कशी उचलतात,
मला काय माहीत?
राजेशमने गेटवरच दाखवलं, रिकाम्या डब्यावर:
आधी गुडघा, मग कमरेचा कोन,
हनुवटी शेवटी, आणि मध्ये एक शिवी, तेलुगूत.
नऊ हजार चौकोनांत मला कधी
इतकं नीट बघावं लागलं नव्हतं.
हे तीन चौकटींत बसेना.
चौथी आखली.

तीन चौकटी झाल्या. चौथीत त्याला
घागरीसकट उभा करायचा होता.
गुडघा जमला, कमर जमली,
इतक्यात खालून आई ओरडली, "पाणी आलं!"
पाचव्या दिवशी, पहाटे पावणेतीनला.

पिंप, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा भरलं.
वर आलो. ओल्या बोटाला
स्क्रीन ओळख देईना.
बनियनला पुसलं, बनियनही ओलंच.

काड्या तसाच थांबलाय,
हनुवटी घागरीच्या काठावर,
एक पाय अजून यायचाय.